टेकडीची दुरुस्ती

मुलीने विद्यापीठात भूशास्त्र घेतलं आणि तेव्हापासून हेडसाहेबांना खोकला लागला. म्हणजे खरा खोकला नव्हे. जिन्यात कुणी भेटून "मुलगी काय करते हल्ली?" असं विचारलं, की ते "बी.एस्सी." म्हणायचे आणि पुढचा विषय खोकल्यात गुंडाळून टाकायचे. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाची एकुलती एक मुलगी दगडांचा अभ्यास करते, हे जिन्यात उभ्या उभ्या समजावायचं तरी कसं? एकदा त्यांनी खरं सांगून पाहिलं होतं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी "अगं बाई, आणि लहानपणी किती हुशार होती!" असं म्हणाल्या आणि त्यांच्या दंडावरून हात फिरवून वर निघून गेल्या. त्या दिवसापासून खोकला.

मुलीचं घरातलं नाव चिमी. ती विशीची झाली होती आणि या नावाने हाक मारल्यावर ओ द्यायची नाही, पण आईवडिलांनी म्हणून काही नाव बदललं नव्हतं. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला जमिनीचा एकेक तुकडा नेमून देतात आणि त्याचा नकाशा काढायला लावतात. हा नकाशा रस्त्यांचा किंवा घरांचा नसतो. कुठला खडक कुठून कुठवर जातो, त्याचे थर कुठल्या दिशेने पसरलेत, किती कललेत, असा जमिनीच्या पोटातला कारभार त्यात रंगवायचा असतो. चिमीला सोसायटीच्या मागची टेकडी मिळाली. तिनेच ती मागून घेतली होती, कारण तिथून दुपारी जेवायला घरी येता येत होतं. ज्या मुलीने बारा गावचं पाणी प्यायला म्हणून हा विषय घेतला, तिच्या वाट्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी टेकडी यावी, यावर हेडसाहेब मनातून खूश होते.

पहिल्याच दिवशी, जुन्या खाणीच्या काठावरून उतरताना चिमीचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं.

प्लास्टर घालून ती पलंगावर पडली. पाय उशीवर, कोरा नकाशा मांडीवर आणि डोळ्यांतून टिपं. पुढच्या महिनाअखेरीला नकाशा द्यायचा होता. नकाशा नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. बरोबरीची मुलं आपापल्या तुकड्यांवर उन्हात भाजत होती, त्यांना कोण बोलावणार? तिच्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, की मोजमापं दुसऱ्या कुणी आणून दिली तरी चालेल, मात्र नकाशा तिने स्वतः काढायचा आणि शेवटी मॅडम स्वतः टेकडीवर येऊन पडताळा घेणार. "पण दुसरं कोण आणून देणार मला?" असं म्हणून चिमीने पुन्हा नाक ओढलं.

दारात हेडसाहेब उभे होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात त्यांनी घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलले होते, दोनदा. "मी आणतो," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही?"

"का? इतकी वर्षं शहरभरचे मीटर वाचून घेतले मी. तुझा दगड काय मीटरपेक्षा अवघड आहे?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मीटर तुम्ही कधी वाचलेत? मीटर वाचणारे वेगळे होते. तुम्ही त्यांच्यावर ओरडत होता."

हेडसाहेबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. संसारात काही वाक्यं भिंतीसाठी असतात.

चिमीने त्यांना पलंगावरूनच शिकवलं. एक जाडजूड पुस्तक तिरकं ठेवलं. तो झाला खडकाचा थर. त्याला कंपासची कड लावायची, पाण्याचा बुडबुडा मधोमध आणायचा, सुई थांबली की आकडा वाचायचा, ही दिशा. मग त्याच कंपासातला छोटा लोलक बघायचा. थर किती कललाय ते तो सांगतो. हेडसाहेबांनी घरातली झाडून सगळी पुस्तकं मोजली, मग इस्त्रीचं टेबल मोजलं, मग दुपारी आडवी झालेली बायको मोजायला गेले तेव्हा शिकवणी संपली. पण हात तयार झाला होता. चिमीने चार वेळा तपासलं, चारही वेळा आकडे बरोबर आले.

आता फक्त टेकडीवर जायचं होतं. पण टेकडीवर पाण्याची टाकी होती, त्यामुळे टेकडी पाणीपुरवठा खात्याची, आणि खात्याच्या टेकडीवर हातोडा न्यायचा तर परवानगी लागते. चिमी आपली तिथल्या पहारेकऱ्याला हसून वर गेली होती. हेडसाहेब तसे जाणारे नव्हते. ते आपल्या जुन्या कचेरीत गेले.

त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच हाताखालचा क्लार्क बसत होता. त्याने त्यांना बाकावर बसवलं. ज्या बाकावर हेडसाहेबांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना बसवलं, त्याचा एक पाय आखूड आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं.

"साहेब, हातोडा फक्त दुरुस्तीच्या कामाला नेता येतो," क्लार्क म्हणाला.

"अरे, कोण असला नियम करतो?"

"तुम्हीच केलात, साहेब. खाली सही पण तुमचीच आहे."

"मग त्यात अभ्यासाचा रकाना घाल."

"नियम म्हणजे नियम, साहेब. तुम्हीच शिकवलंत." आणि हे तो इतक्या मनापासून म्हणाला, की हेडसाहेबांना राग यावा की डोळ्यांत पाणी, हे ठरेना. शेवटी गुरुशिष्यांनी चहा घेत घेत एक तोड काढली. कामाचं स्वरूप या रकान्यात 'दुरुस्ती' लिहिलं, आणि कशाची या रकान्यात 'टेकडी'. शिक्का बसला. 'टेकडीची दुरुस्ती' असा रीतसर परवाना खिशात घालून, डोक्याला टोपी लावून आणि हातात हातोडा घेऊन हेडसाहेब दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले.

पहिला दिवस सुरेख गेला. सोसायटीच्या बाजूच्या उतारावरचे सगळे खडक त्यांनी मोजले. प्रत्येक जागेपाशी ऑइलपेंटने नंबर टाकला, आणि तो असा, की कचेरीच्या कपाटावर टाकावा. घरी आल्यावर चिमीने आकडे नकाशावर मांडले. थर सगळे एका दिशेने, शहाण्यासारखे चालले होते. "बाबा, मस्त!" ती म्हणाली. तिच्या तोंडून आपल्या कामाबद्दल हा शब्द हेडसाहेबांनी यापूर्वी ऐकला नव्हता. रात्री झोप लागेना. आनंदाने एक, आणि कंबर भयंकर दुखत होती म्हणून दुसरं.

कंबरेचं घरात सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर चिमी म्हणणार, बाबा, राहू द्या. बायको काही म्हणणारच नाही, नुसती बघेल, आणि ते जास्त वाईट. म्हणून सकाळी दूध आणायच्या निमित्ताने ते जिन्यात लंगडत असताना वरच्या मजल्यावरच्या उपायकाकांच्या हाती सापडले.

या गृहस्थांकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर उपाय असे, म्हणून सोसायटीत त्यांचं हे नाव पडलं होतं. उपायाचा गुण आला तर श्रेय काकांचं, नाही आला तर 'तुम्ही तो नीट केला नाहीत'. मुलाच्या जवळ राहायला जायचं म्हणून त्यांनी फ्लॅट विकायला काढला होता आणि सोसायटी तो दिवस आशेने मोजत होती. त्यांनी हेडसाहेबांच्या कमरेकडे एकदा पाहिलं, वर गेले आणि एक जाडजूड काळा पट्टा घेऊन खाली आले.

"हा बांधा. आत चुंबकं शिवलीत. रक्ताला ओढ लागते. उतरवायचा मात्र नाही, मी तीन वर्षं उतरवला नव्हता."

हेडसाहेबांनी तो शर्टाच्या आत, बनियनवरून आवळून बांधला. खरोखरच कंबरेला आधार वाटला. कंपास गळ्यात अडकवून, पोट आत ओढून ते टेकडीच्या मागच्या अंगाला चालते झाले.

इथे हुशार वाचकांच्या मनात काहीतरी येईल. त्यांनी ते मनातच ठेवावं. हेडसाहेबांच्या मनात ते आलं नाही, आणि गोष्ट त्यांची आहे.

त्या दिवसापासून टेकडी बिघडली. हेडसाहेबांची पद्धत ठरलेली होती. खडकाच्या उताराकडच्या बाजूला उभं राहायचं, वाकायचं, चष्म्याच्या नंबरामुळे कंपास पार पोटाशी घ्यायचा आणि आकडा मोठ्याने म्हणून मग लिहायचा. ते जसजसे टेकडीला वळसा घालत गेले तसतसे चिमीच्या नकाशावरचे थरही वळत गेले. सोसायटीच्या बाजूला शहाणे असलेले थर मागच्या बाजूला आडवे झाले, पलीकडे उलटे झाले आणि आठवडाअखेर टेकडीभोवती गोल गोल फिरायला लागले.

चिमी आधी गोंधळली. मग रात्रभर पुस्तकं चाळत बसली. सकाळी तिचे डोळे चमकत होते. "बाबा, हा घुमट आहे! खालून रेटा बसून थर फुगलेत. आणि पहिल्या दिवशीचे थर त्यात बसत नाहीत, म्हणजे मध्ये भ्रंश आहे. खडक तुटून सरकलेत तिथे. आजवर कुणीच नोंदवलेला नाही हा!"

"मी शोधला?" हेडसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही शोधलात!"

हेडसाहेब खिडकीपाशी गेले आणि टेकडीकडे पाहत उभे राहिले. इतकी वर्षं ती तिथे नुसती होती. आता ती त्यांची होती. संध्याकाळी त्यांच्या पावलांची कुणीतरी वाट पाहत होतं, हातातला कागद ओढून घेत होतं, 'इथे किती आला, तिथे किती आला' विचारत होतं. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण तिथे त्यांच्या कागदाची अशी वाट कुणी पाहिली नव्हती. लोक पाहायचे ती सहीची. त्या दिवशी जिन्यात कुणीही न विचारता त्यांनी तीन जणांना सांगितलं, की टेकडीत भ्रंश आहे.

"स्मृतिभ्रंश ऐकला होता," पहिला म्हणाला. दुसऱ्याला अर्थ समजावला तेव्हा तो विचारात पडला. तिसरे सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी एकच विचारलं, "कुठून जातो?"

हेडसाहेबांनी खिशातून नकाशाची नक्कल काढून लाल रेषा दाखवली. ती टेकडीच्या पायथ्याने येऊन सोसायटीच्या पार्किंगमधून तिरकी गेली होती.

त्यात टाकीवरच्या पहारेकऱ्याने, आपला काही दोष नसताना, दूधवाल्याला सांगितलं होतं की साहेबांकडे टेकडी दुरुस्त करायचा सरकारी परवाना आहे, शिक्क्याचा, आपण डोळ्यांनी वाचलाय. आता टेकडीची दुरुस्ती निघाली म्हणजे टेकडी मोडलेली असणार, हे कुणालाही कळेल. दोन बातम्या जिन्यात एकमेकींना भेटल्या आणि दुपारपर्यंत पराचा कावळा होऊन तो सगळ्या मजल्यांवर जाऊन बसला. संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. लाल रेषेवर येणाऱ्या गाड्या आधी बाजूला काढण्यात आल्या.

"हा भ्रंश झाला कधी?" पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी विचारलं.

"काही कोटी वर्षांपूर्वी," हेडसाहेबांनी चिमीने पढवलेलं सांगितलं. "आता तो शांत असतो. घाबरण्यासारखं..."

"कोटी वर्षं! आणि कमिटीने आत्तापर्यंत काय केलं?"

सेक्रेटरी उसळून म्हणाले, की आपली कमिटी गेल्याच वर्षी निवडून आली, हा आधीच्या कमिटीचा प्रश्न आहे. मग आधीच्या कमिटीचे लोक उठले. कुणी सुचवलं, फटीत सिमेंट ओतावं. कुणी हेडसाहेबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ती रेषा थोडी पलीकडच्या सोसायटीकडे सरकवता नाही का येणार, नकाशा तर घरचाच आहे. आणि या सगळ्यात उपायकाका एका खांबाला टेकून गप्प उभे होते. फ्लॅट बघायला आलेला गिऱ्हाईक माणूस बोलणी पक्की करून जिना उतरताना सभेत सापडला होता. सगळं ऐकून घेऊन तो जो गेला, तो निरोपही न घेता गेला.

"हेडसाहेब," उपायकाका म्हणाले, "तुमच्या कमरेला मी आधार दिला. तुम्ही माझ्या पायाखालची जमीन काढलीत."

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "डोंगर पोखरून लोक निदान उंदीर तरी काढतात. तुम्ही सबंध सोसायटी काढलीत."

सोसायटीने हेडसाहेबांशी बोलणं टाकलं, तरी त्यांना एका गोष्टीचा आधार होता: नकाशा झाला होता. चिमीने तो रंगवला तेव्हा तो इतका देखणा दिसला, की त्यांनी तासभर चष्मा काढला नाही. मॅडमनाही फोनवर राहवेना. "घुमट? तिथे? मी रविवारीच येते," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी मॅडम आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या आणि मोजकं बोलणाऱ्या. चिमीला त्यांनी आपल्या गाडीत घालून टाकीपर्यंत नेलं आणि पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसवलं. मागून पायी हेडसाहेब, त्यांच्यामागे बायको, त्यांच्यामागे सेक्रेटरी, वकील, उपायकाका आणि निम्मी सोसायटी. विद्यापीठाचं माणूस काय म्हणतं ते ऐकायचा हक्क सगळ्यांना होता.

मॅडमनी सोसायटीच्या बाजूचा पहिला खडक मोजला. मान हलवली. बरोबर. मग टाकीमागे जाऊन हेडसाहेबांचा नंबर शोधला, कंपास लावला आणि भुवया वर केल्या. पुन्हा लावला. पुढच्या नंबरावर गेल्या, तिथेही तेच.

"थर वळलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीसारखेच आहेत, सरळ."

चिमी खुर्चीतून अर्धवट उठली. "असं कसं होईल, मॅडम? बाबांनी प्रत्येक जागा दोनदा मोजलीय."

"काका, तुम्ही जरा वाचून दाखवा."

हेडसाहेब पुढे झाले. घसा साफ केला. हा खोकला अभिमानाचा होता. खडकाच्या उताराकडे उभे राहिले, वाकले, कंपास पोटाशी घेतला आणि आकडा खणखणीत आवाजात वाचला. कागदावर होता तोच, एकाही अंशाचा फरक नाही. त्यांनी जमावाकडे पाहिलं.

"आता पलीकडच्या बाजूने वाचा," मॅडम म्हणाल्या.

हेडसाहेब खडकाला वळसा घालून पलीकडे गेले. वाकले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सुई गरकन फिरली आणि त्यांच्या पोटाकडे तोंड करून थांबली. ते दचकून डावीकडे सरकले. सुई डावीकडे. उजवीकडे सरकले. सुई उजवीकडे. शेळीने हातातल्या पाल्यामागून यावं तशी उत्तर दिशा त्यांच्या मागोमाग येत होती.

"काका, कमरेला काय आहे?"

"काही नाही," हेडसाहेब म्हणाले.

"अहो?" बायको म्हणाली.

त्या दोन अक्षरांपुढे कुणाचं काय चाललंय! हेडसाहेबांनी जमावाकडे पाठ केली, शर्टाची बटणं सोडली आणि निम्म्या सोसायटीच्या साक्षीने पट्टा बाहेर काढला. मॅडमनी कंपास नुसता जवळ नेला तर सुई उडीच मारायला लागली.

"बघा!" उपायकाका आनंदाने ओरडले. "मी सांगत होतो ना, पट्ट्यात ताकद आहे!"

"म्हणजे पार्किंगखालचा भ्रंश?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही तो," मॅडम म्हणाल्या. "कधीच नव्हता."

मग जो हशा उठला तो टेकडीच्या दुसऱ्या अंगाला ऐकू गेला असेल. वकिलांनी सेक्रेटरींना मिठी मारली. उपायकाका गिऱ्हाइकाला फोन लावत धावत खाली गेले. त्यांचा फ्लॅट त्यांच्याच पट्ट्याने बुडत होता हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. हसत हसत सगळी मंडळी उतरली, आणि टाकीपाशी चौघंच राहिली. चिमी हसत नव्हती. ती मांडीवरच्या रंगीत नकाशाकडे बघत होती.

"बाबा, सांगायचं तरी," ती म्हणाली. "कंबर दुखते म्हणून सांगायचं. मी थांबवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," हेडसाहेब म्हणाले. "मला थांबायचं नव्हतं."

हे म्हणताना त्यांना स्वतःची फार लाज वाटली. लोक हसले त्याची नव्हे. लोक काय, चार दिवस हसतील. पोरीचं वर्ष त्यांच्या कमरेला बांधलेलं होतं आणि ते त्यांनी ऐटीत टेकडीभर फिरवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यांनी तर कळसा बनियनवर बांधला होता.

मॅडम इतका वेळ कागद चाळत होत्या. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. त्या आणखी दोनतीन नंबरांपाशी जाऊन आल्या. "कल सगळे अचूक आहेत. लोलकाला चुंबकाशी घेणंदेणं नसतं. जागाही अचूक आहेत, इतके स्वच्छ नंबर माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर टाकलेले नाहीत. चुकल्यात फक्त दिशा. तेवढ्या परत घेतल्या तर नकाशा वेळेत होईल. पण तू स्वतः घ्यायच्यास. जमेल?"

चिमीने नाक पुसलं. पुन्हा नकाशाकडे पाहिलं आणि या वेळी तिला खुदकन हसू आलं. "मॅडम, हे थर गोल का फिरतायत ते कळलं मला. प्रत्येक खडकापाशी बाबा कुठल्या बाजूला उभे होते, ते दिसतंय यात. हा टेकडीचा नकाशा नाहीच. हा बाबांचा नकाशा आहे."

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला परवानगी दिली आणि मुदतीच्या आत बापलेक पुन्हा टेकडीवर गेली. आता मात्र नियम चिमीचे होते. निघताना दारात झडती व्हायची: किल्ल्या, हातोडा, जेवणाचा स्टीलचा डबा, सगळं आईच्या पिशवीत घरीच राहायचं. हेडसाहेबांचं काम एकच. पुढच्या नंबरापाशी आधी जाऊन छत्री उघडून उभं राहायचं, म्हणजे चिमीला कुठे यायचं ते दिसेल, आणि ती जवळ आली की लांब व्हायचं.

"आणखी मागे, बाबा!"

"अगं, आता काहीच नाहीये माझ्याकडे लोखंडाचं."

"तरी पण मागे!"

ते मागे व्हायचे. पहिल्या दिवशी त्यांना याचा राग आला. दुसऱ्या दिवशी बायकोजवळ तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली, "दुरून डोंगर साजरे. तुम्हीही साजरे दिसता दुरून." तिसऱ्या दिवशी ते छत्री धरून झुडपापाशी उभे होते आणि पलीकडे चिमी काठी टाकून खडकावर वाकली होती. कपाळावरचे केस मागे सारून ती आकडा वाचत होती, लिहीत होती, पुन्हा वाचत होती. तिला त्यांची गरज नव्हती आणि ती फार छान काम करत होती. या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी दिसल्या. त्यांनी छत्री जरा उंच धरली, तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून. एवढ्या अंतरावरून सावली तिथवर पोचणार नव्हती, पण त्यांनी धरली.

नकाशा वेळेत गेला. चिमी पहिल्या वर्गात आली. तिच्या अहवालाची बांधलेली प्रत घरी आली तेव्हा हेडसाहेबांनी आधी आभाराचं पान उघडलं. मॅडमचे आभार होते, आईचे होते, पहारेकऱ्याचे खुर्चीबद्दल होते. शेवटी लिहिलं होतं: 'माझ्या बाबांनी सगळ्या जागा शोधल्या, सगळे कल मोजले आणि नंतर योग्य अंतरावर उभे राहिले. या तिन्हींबद्दल त्यांचे आभार.'

"अंतरावर उभं राहिल्याबद्दल आभार?" हेडसाहेब फणफणले. "हे काय आभार मानायचं काम झालं?" दिवसभर ते हे म्हणत होते. संध्याकाळी त्यांनी तेच पान उघडं ठेवून अहवाल चहाच्या टेबलावर मांडला, आणि तो महिनाभर तिथून हलला नाही.

चुकलेला नकाशा चिमी फाडणार होती. तो त्यांनी तिच्या हातून काढून घेतला, फ्रेम करून आणला आणि बाहेरच्या खोलीत, दाराच्या समोर लावला. गोल गोल फिरणारे रंगीत थर, मध्ये लाल रेषा. बघणाऱ्याला आधुनिक चित्र वाटायचं.

पुढे उपायकाकांचा फ्लॅट विकला गेला. तेच गिऱ्हाईक परत आलं होतं. बिऱ्हाड लागल्यावर ते नवे शेजारी ओळख करून घ्यायला खाली आले, खुर्चीत बसले आणि त्यांची नजर फ्रेमवर गेली.

"हा त्या टेकडीचा नकाशा ना? ज्याच्यामुळे मी पळालो होतो?"

"टेकडीचा नव्हे, तो माझा आहे," हेडसाहेब म्हणाले. "टेकडीचा विद्यापीठात आहे. तो माझ्या मुलीने काढलाय."

"अच्छा. मुलगी काय करते?"

स्वयंपाकघरात बायकोचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. ती खोकल्याची वाट पाहत होती.

"दगडांचा अभ्यास करते," हेडसाहेब मोठ्याने म्हणाले. "भूशास्त्र. बसा, सांगतो. तुमच्याकडे चुंबक वगैरे काही नाही ना?"